दप्तर आपले, किल्ली परक्याची!

सरकार म्हणजे नेमके काय? निवडणुका, मंत्री, भाषणे हा सारा वरचा देखावा झाला. खरे सरकार म्हणजे दप्तर. जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला, कराची पावती, न्यायालयाचा निकाल. दप्तर ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचे. पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनालाही हे कळत होते. आज मात्र ते मोठ्या साहेबांना समजावून सांगावे लागते, कारण दप्तर आता संगणकात गेले आहे आणि त्या संगणकाची किल्ली एका अमेरिकन कंपनीच्या खिशात आहे.

हे वाढवून सांगितलेले वाटत असेल तर लांब जायला नको, आपल्या गुजरातेतच पाहा. वाडीनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनीची स्वतःची माहिती कंपनीलाच दिसेना. परवान्यांचे पैसे पूर्ण भरले होते असे कंपनीचे म्हणणे. भारताने ते निर्बंध मानलेले नव्हते. तरीही भारतीय भूमीवरच्या कारखान्याला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मगच सेवा पुन्हा सुरू झाल्या. आज कारखाना, उद्या कलेक्टर कचेरी! तेव्हा कोणत्या दारात उभे राहणार?

मी बँकेत कारकुनी करतो. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. तिजोरी बनवणाऱ्या कंपनीकडे तिसरी किल्ली ठेवा, असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढतील. शंभराच्या नोटांसाठी आपण एवढी काळजी घेतो, आणि कोट्यवधी नागरिकांच्या कागदपत्रांसाठी?

युरोपातल्या काही सरकारांना ही जाग आली आहे. जर्मनीच्या उत्तर टोकाला श्लेस्विग-होल्श्टाइन नावाचे राज्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवले, की सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे ३०,००० संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस वापरायचे. लिबरऑफिस हे ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याची आज्ञावली सर्वांसाठी उघडी आहे. कोणीही तपासावी, कोणीही दुरुस्त करावी, उद्या बनवणारे थांबले तर दुसऱ्याने पुढे न्यावी. ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या राज्याने ४०,००० हून अधिक टपालपेट्याही ओपन सोर्सवर नेल्या. न्यायाधीश आणि पोलिसांनी कुरकुर केली, काही दिवस गैरसोय झाली. पण राज्य मागे हटले नाही. "आमची माहिती, आमचा ताबा" हा त्यांचा मुद्दा. परवान्यांचे पैसे वाचतात तो वरचा लाभ.

यावर आमचे विद्वान लगेच म्युनिकचे उदाहरण देतात. खरे आहे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. त्यात तंत्राचा दोष किती आणि राजकारण किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण मग फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाचे काय? त्यांनी २००५ मध्ये ओपनऑफिस घेतले, २००८ पासून लिनक्सकडे वळले आणि आज त्यांचे लाखाच्या आसपास संगणक त्यावर चालतात. आपल्या केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. शाळकरी पोराला जे जमते ते उपसचिवाला जमत नाही?

आणि भारत सरकार? कागदावर आपण कोणाच्या मागे नाही. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-नमुन्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याविरुद्ध २००७ मध्ये भारताने मत दिले, २००८ मध्ये अपीलही केले. सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे, असे धोरण २०१५ पासून आहे. ते नाकारायचे तर कारण द्यावे लागते. पण किती कचेऱ्यांत ते दिसते? तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळे ऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्टच समजतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहोचे ऑफिस वापरायला सांगितले. झोहो आपली, तमिळनाडूत वाढलेली कंपनी. तिचा अभिमान आहेच. पण झोहोचे ऑफिसही ओपन सोर्स नाही. परक्या सावकाराचे कर्ज फेडायला घरच्या सावकाराकडे घर गहाण टाकले, तरी घर गहाणच राहते. कंपन्या विकल्या जातात, मालक बदलतात. दप्तराला मालक नको, ते कायम उघडता आले पाहिजे.

आपण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी हे इतरांआधी ओळखायला हवे. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर या दरबारांचे जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारे आज थोडे उरले, ही खंत आहे. तरी मोडी कोणाच्या मालकीची नाही. कोणीही शिकावी आणि दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचावा.

याउलट आपल्याच मंडळांचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे कागद बघा. अंक, वर्गणीदारांच्या याद्या, सभांचे वृत्तांत, सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या काळी प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने मराठी आकार बसवीत असे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठी उमटत नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मोडीला पिढ्यानपिढ्या लागल्या मागे पडायला, आपल्या संगणकातल्या मराठीला वीससुद्धा लागत नाहीत! ही बंद कुलपाची किंमत. युनिकोड हे सर्वांसाठी खुले मानक आहे म्हणूनच आज बडोद्यात लिहिलेले बेळगावात वाचता येते. मोडीलाही २०१४ पासून त्यात जागा मिळाली आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असू द्या. राज्य सरकार आणि महापालिका यांनी नागरिकांना द्यायचा प्रत्येक कागद खुल्या नमुन्यात द्यावा. ओडीएफ हा तसा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१५ चे धोरण डावलणाऱ्या कचेरीने कारण काय दिले, ते माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला थोडेच पैसे लागतात, धाडस फारसे लागत नाही.

आणि सरकारला सांगण्याआधी घरापासून सुरुवात करू. प्रत्येक मंडळाने पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा, की जुने अंक आणि वृत्तांत वर्षभरात युनिकोडमध्ये आणायचे, आणि नवे काम लिबरऑफिसमध्ये करायचे. ते मराठीतही मिळते आणि त्याला दमडी लागत नाही. मंडळातल्या दोन कॉलेजातल्या मुलांना हाताशी धरा, ती तुमच्या-आमच्यापेक्षा लवकर शिकतील.

आपल्या पूर्वजांनी परमुलखात येऊन दप्तरे सांभाळली, म्हणून त्यांना मान मिळाला. ते दप्तर दुसऱ्याच्या कुलपात ठेवून आपण कशाचा मान मागणार?