खिडकीतले शेत

आश्विन सरत आला की आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचे रूप पालटू लागते. वैनगंगेचे गढूळ पाणी निवळते, बांध्यांमधील धान पिकून लवते, पळसाची पाने राठ होतात आणि पहाटे अंगणात धुके उतरते. थोरली माणसे कापणीच्या व मळणीच्या गडबडीत असतात. मुलांच्या वाट्याला दिवाळीची सुट्टी येते. या दिवसांत प्रत्येक मुलाने व मुलीने एक लहानसे काम हाती घ्यावे, असे मला वाटते. घरातील भरपूर उजेडाची एक खिडकी निवडावी, तिच्या कट्ट्यावर मातीने भरलेले एक भांडे ठेवावे, त्यात आपल्या हाताने बी पेरावे आणि मकरसंक्रांतीपर्यंत त्याची निगा राखावी. काम क्षुल्लक दिसते. परंतु मुलांच्या सहवासात आयुष्य घालविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, पुस्तकांतील पुष्कळ धडे जे शिकवू शकत नाहीत, ते हे मातीचे भांडे शिकविते.

यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, हा उपदेश मुंबई-पुण्याच्या मुलांना करा. त्यांना झाड दुर्मिळ. आमच्या तर चोहोंकडे साग, बांबू, मोह आणि तेंदू उभे आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. अरण्यात राहून खिडकीत मेथी लावणे म्हणजे नदीकाठी बसून तांब्यातल्या पाण्याचे कौतुक करण्यासारखे आहे!” आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो; पण समोर असणे आणि दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सागाचे झाड तुम्ही रोज पाहता; सागाचे बी जमीन फोडून वर येताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? धानाचे पऱ्हे हिरवेगार झालेले सर्वांना ठाऊक असते. पण धानाच्या दाण्यातून आधी काय बाहेर पडते, मूळ की कोंब, हे विचारले तर कित्येक शेतकऱ्यांची मुलेसुद्धा गप्प राहतात. वनात असंख्य झाडे असतात, म्हणूनच एकाकडेही आपले नीट लक्ष जात नाही. खिडकीत एकच भांडे असते. सकाळी दात घासताना ते दिसते, अभ्यासाला बसताना दिसते. त्याला पाणी द्यायचे विसरलो, तर देणारे दुसरे कोणी नसते. वन आपली काळजी घेण्यास समर्थ आहे. खिडकीतले रोप मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन असते.

आता हिवाळाच का, ते सांगतो. आपला भाग उन्हासाठी प्रसिद्ध आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा कोवळे रोप एका दुपारीत करपून जाते. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे घरात उजेड कमी, आणि ओल इतकी की रोपांची मुळे कुजतात. हिवाळा मात्र रोपांचा मित्र आहे. शिवाय या ऋतूत सूर्य स्वतःच आपल्या खिडकीशी येतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर असतो. म्हणून ऊन छपरावर पडते, घरात येत नाही. पुढे दक्षिणायनात तो दक्षिणेकडे झुकत जातो, आणि २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही तो दक्षिणेचे क्षितिज व माथा यांच्या जवळजवळ मध्यावर दिसतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आतल्या जमिनीवर उतरते. खिडकीच्या उन्हाची कड दर आठवड्याला खडूने जमिनीवर आखून ठेवा. दिवाळीपासून डिसेंबर अखेरपर्यंत दुपारचे ऊन घरात कसे अधिकाधिक आत येत जाते, ते तुमच्या नजरेस येईल. दक्षिणेची खिडकी नसेल, तर पूर्वेचीही चालते.

साहित्यासाठी पैसे लागत नाहीत. फुटक्या माठाचा तळ, नारळाची करवंटी किंवा मातीचे पसरट परळ पुरेसे आहे. आपल्याकडे तर पळसाच्या पानांचा द्रोण सहज मिळतो; त्यात वाढलेले रोप पुढे द्रोणासकट जमिनीत लावता येते, कारण पाने कुजून मातीत मिसळतात. भांड्याला खाली भोक हवेच. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी नदीची रेती एकत्र करावी. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. फार खोल गेलेल्या कोंबाची शक्ती वर येण्यातच संपते. पाणी हाताने शिंपडावे, ओतू नये. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणूनच तहानेने मेलेल्या रोपांइतकीच अती पाण्याने बुडालेली रोपेही मी पाहिली आहेत.

बियांसाठी स्वयंपाकघराकडे वळावे. मेथी, धने, मोहरी, गहू, हरभरा, लाखोळी ही सारी थंडी मानवणारी पिके आहेत. आपले शेतकरी कापणीपूर्वी उभ्या धानातच लाखोळी फेकतात. बांधीतल्या उरलेल्या ओलीवर ती उगवते आणि हिवाळ्याच्या थंडीत वाढते. मेथी तीन-चार दिवसांत डोके वर काढते. धने मात्र आठ-दहा दिवस वाट पाहावयास लावतात. प्रत्येक धण्याच्या आत दोन बिया जोडीने असतात, म्हणून पेरण्यापूर्वी ते हलक्या हाताने रगडून दुभंगून घ्यावेत. या सर्वांबरोबर धानाचेही चार दाणे पेरून पाहा. गहू भराभर वर येईल आणि धान रेंगाळत राहील, कारण धानाला ऊब लागते. एक पीक पावसाळ्यात आणि दुसरे हिवाळ्यात का पेरतात, हे मग पाठ करावे लागणार नाही.

खिडकीत काय काय पाहावे? पहिली गोष्ट मुळाची. काचेच्या पेल्यात ओला टीपकागद आतून लावा आणि काच व कागद यांच्यामध्ये हरभऱ्याचे तीन-चार दाणे निरनिराळ्या दिशांना तोंड करून अडकवा. दाणा उलटा असो, आडवा असो, प्रथम मूळ बाहेर पडेल आणि ते खालीच वळेल. मागून येणारा कोंब वरच जाईल. दुसरी गोष्ट पानांची. मेथी आपली दोन्ही दले उचलून वर आणते. हरभरा ती मातीतच ठेवतो. गव्हाचे तर पहिले पान एकच असते, सुईसारखे.

तिसरी गोष्ट उजेडाची. नवरात्रात अनेक घरी घट बसतात आणि घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले जाते. दसऱ्यापर्यंत ती रोपे वीतभर वाढतात. पण देवघर अंधारे असेल तर ती पिवळीधमक असतात. ती रोगी नसतात. पानांतील हिरवा रंग तयार होण्यास गव्हासारख्या रोपाला उजेड लागतो, आणि उजेड न मिळाल्यास रोप सारी शक्ती उंच होण्यात खर्च करते. कोठे तरी प्रकाश सापडेल, अशी जणू त्याची आशा असते. अशी पिवळी रोपे खिडकीत आणून ठेवा. एक-दोन दिवसांत ती हिरवी होऊ लागतील.

खिडकीतली रोपे उजेडाकडे झुकतात, हेही तुमच्या ध्यानात येईल. म्हणून भांडे रोज थोडे फिरवावे लागते. पण ती झुकतात ती कशी? इंग्लंडातील निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांना हाच प्रश्न पडला. त्यांनी पाखरांना घालावयाच्या एका गवतधान्याचे कोंब वाढविले आणि काहींच्या टोकांवर उजेड न शिरणाऱ्या बारीक टोप्या बसविल्या. टोपी घातलेले कोंब झुकले नाहीत. यावरून त्यांनी असे दाखवून दिले की, उजेडाची जाणीव कोंबाच्या टोकाला होते आणि वळतो तो मात्र त्याखालचा भाग. हे संशोधन १८८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. गव्हाचे कोंब अगदी कोवळे असताना, पान बाहेर पडण्यापूर्वी, त्यांतील काहींच्या टोकांवर चॉकलेटच्या चांदीची टोपी हलकेच बसवा आणि काय होते ते पाहा.

जे पाहाल ते वहीत लिहा. कोणत्या तारखेला पेरले, किती बिया पेरल्या, पहिला कोंब केव्हा दिसला, थंडी कशी होती. दहा बिया पेरल्या आणि सात उगवल्या, तर उगवण शेकडा सत्तर. जाणता शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून हीच परीक्षा घेतो. तीन बिया उगवल्या नाहीत म्हणून हिरमुसू नका. त्या का उगवल्या नाहीत, हे शोधा. बी जुने होते, किडके होते, की खोल गेले होते? उगवलेल्या बीने आनंद मिळतो, न उगवलेल्या बीने प्रश्न मिळतो.

“पण याने मिळणार काय? चार काड्या कोथिंबीर!” असे घरात कोणी म्हणाल्यास त्यांना दादाजी खोब्रागडे यांची हकीकत सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. दादाजी तेथील अल्पभूधारक शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली आपल्या शेतातील ‘पटेल-३’ या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. शेतात लक्षावधी लोंब्या असतात. दुसऱ्या कोणी त्या इतरांबरोबर कापून मळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे दाणे जपून ठेवले आणि पुढल्या वर्षी निराळे पेरले. असे कित्येक हंगाम निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचा, भरपूर उत्पन्न देणारा नवा वाण सिद्ध केला. त्या काळी ‘एचएमटी’ हे मनगटी घड्याळ लोकप्रिय होते. त्याचेच नाव या तांदळाला पडले आणि तो दूरदूरच्या बाजारांत जाऊन पोहोचला. पुढे त्यांनी ‘विजय नांदेड’, ‘नांदेड-९२’, ‘डीआरके’ असे आणखी वाण तयार केले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. त्यांच्या तांदळाने अनेकांची कोठारे भरली. दादाजींना मात्र अखेरपर्यंत हलाखीच सोसावी लागली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

दादाजींपाशी प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती. त्यांच्यापाशी पाहणारी नजर होती आणि वाट पाहण्याचा धीर होता. मला चिंता वाटते ती या दोहोंची. पूर्वी घरोघरी बी राखले जाई. आजी मळणीपूर्वीच उत्तम लोंब्या बाजूला काढी, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून त्यांचे दाणे शेणाने सारवलेल्या कणगीत ठेवी, आणि कोणते बी कोणत्या बांधीला मानवते, ते तिला तोंडपाठ असे. आता बी बहुधा पाकिटातून येते. पाकीट वाईट आहे असे मी म्हणत नाही. संशोधकांनी तयार केलेल्या बियाण्याने देशाला पोटभर अन्न मिळाले आहे. परंतु पाकिटातून दाणे येतात, नजर येत नाही. ज्या मुलाने एकही बी उगवताना पाहिले नाही, त्याच्या शेतात उद्या निराळ्या तीन लोंब्या डोलल्या, तरी त्याला त्या दिसणार कशा?

खिडकीतल्या भांड्याने तुमच्यातला प्रत्येक जण नवा वाण शोधील, असे नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी वनरक्षक, कोणी परिचारिका, कोणी कारागीर. पण ज्याला कोंब एका रात्रीत किती वाढला हे कळते, त्याला आजाऱ्याच्या चेहऱ्यात आज पडलेला फरक कळतो आणि लाकडातली बारीक चीरही दिसते. बी रोज उकरून पाहिल्याने लवकर उगवत नाही, हे ज्याला एकदा समजले, तो कोणत्याही कामात उतावळेपणा करीत नाही.

तेव्हा मुलांनो, या दिवाळीत खिडकीचा कट्टा स्वच्छ पुसा. आजीकडून मूठभर मेथी आणि धने मागून घ्या, आणि मागताना ती बी कसे राखीत असे, तेही तिला विचारा. माती कालवा, पेरा, पाणी शिंपडा आणि वहीत तारीख घाला. संक्रांतीला तिळगूळ वाटाल, तेव्हा आपण वाढविलेल्या रोपाची चार पाने घरच्या भाजीत पडलेली असतील. आणि सगळी रोपे खुडू नका. एक तरी तसेच राखा. उन्हे तापू लागतील तसे त्याला फूल येईल, शेंग धरेल, बी पिकेल. ते बी कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर नाव व तारीख लिहा आणि पुढल्या दिवाळीपर्यंत जपून ठेवा.