मंजुरीनंतरची देखरेख

1996 साली मेंदूज्वराच्या ज्या साथीने नायजेरियात लाखाहून अधिक माणसांना ग्रासले आणि अकरा हजारांहून अधिक बळी घेतले, तिच्या ऐन भरात, उत्तरेकडील कानो शहराच्या सरकारी संसर्गरोग रुग्णालयात एका बाजूस परदेशी सेवाभावी डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल या जुन्या व स्वस्त औषधावर मुले वाचविण्याची शिकस्त करीत असताना, त्याच आवारात फायझर या अमेरिकी कंपनीने 200 आजारी मुलांवर ‘ट्रोव्हान’ या आपल्या नव्या औषधाची चाचणी घेतली. शंभर मुलांना नवे औषध दिले गेले, शंभरांना सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रस्थापित औषध. पहिल्यांपैकी 5 दगावली, दुसऱ्यांपैकी 6. मृत्यूंच्या या आकड्यांवरून औषधास दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही, आणि कंपनीने आपला बचाव मुख्यतः याच आकड्यांवर उभारला. लोकांचा आक्षेप मात्र निराळ्याच ठिकाणी होता.

रुग्णालयाच्या नीतिसमितीने चाचणीस मान्यता दिली, असे 28 मार्च 1996 या तारखेचे एक पत्र कंपनीच्या दप्तरी होते, आणि ते अमेरिकेच्या औषध प्रशासनापुढेही ठेवण्यात आले होते. परंतु पुढे वृत्तपत्रीय शोधातून असे निष्पन्न झाले की त्या तारखेस त्या रुग्णालयात नीतिसमिती नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती आणि ते पत्र मागाहून तयार करून त्यावर आधीची तारीख घालण्यात आली होती. आपल्या मुलावर प्रयोग चालला आहे आणि पलीकडच्याच दालनात नेहमीचे औषध फुकट मिळते आहे, हे आम्हांस कोणी सांगितले नाही, अशी पालकांची फिर्याद होती. परिचारिकांनी तोंडी समजावून संमती घेतली होती, असा कंपनीचा जबाब होता. लेखी पुरावा नसल्याने खरेखोटे करणार कोण? खटला नायजेरियात आणि न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे रेंगाळला. संमतीवाचून मनुष्यावर वैद्यकीय प्रयोग करण्यास आंतरराष्ट्रीय रूढ कायद्याचाच प्रतिबंध आहे, असे न्यूयॉर्कमधील अपील न्यायालयाने 2009 मध्ये ठरविल्यावर त्याच वर्षी कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरांची तडजोड झाली, तीही दोष कबूल न करता. मधल्या काळात, 2003 साली, कानो राज्याने पोलिओची लस घेण्याचेच नाकारले. त्या नकारामागे राजकारण होते, अफवा होत्या. पण 1996 च्या आठवणीचाही त्यात वाटा होता, आणि त्या नकारानंतर पोलिओचा विषाणू नायजेरियाची सीमा ओलांडून अनेक देशांत पोहोचला.

या प्रकरणावरून सामान्यतः असा निष्कर्ष काढला जातो की आफ्रिकेत नीतिसमित्या हव्या होत्या. मला तो अपुरा वाटतो. समजा, त्या मार्च महिन्यात कानोमध्ये चार प्राध्यापक आणि एक वकील यांची रीतसर समिती असती आणि तिने अर्ज वाचून खरोखरच शिक्का मारला असता, तर त्या पालकांच्या पदरी अधिक काय पडले असते? दुभाषी कोण होता, कागदावर अंगठा उठविताना तटस्थ साक्षीदार हजर होता की नव्हता, औषधाचा गुण येत नाही असे दिसताच मुलाला दुसऱ्या औषधावर घेतले गेले की नाही, हे पाहण्यासाठी त्या समितीतील कोणी खाटेपाशी जाऊन उभे राहणार होते काय?

कानोच्या प्रकरणानंतर नायजेरियाने राष्ट्रीय संशोधन-नीति समिती स्थापन केली आणि 2007 मध्ये आचारसंहिता लागू केली. दक्षिण आफ्रिकेने 2003 च्या आरोग्य कायद्यानेच आपल्या नीतिपरिषदेस वैधानिक अधिष्ठान दिले. आणि आफ्रिकी औषध संस्थेचा करार 2021 च्या नोव्हेंबरात अमलात येऊन तिचे मुख्यालय रवांडातील किगालीस आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही ज्या विद्यापीठास परदेशी अनुदानाने प्रयोगशाळा, मोटारी आणि पगार मिळतात, त्याच विद्यापीठाचे अध्यापक आपला नित्याचा व्याप सांभाळून, बहुधा बिनमोबदला, समितीवर बसतात आणि त्या अनुदानाच्या अर्जावर निवाडा देतात, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी अद्याप चालू आहे. (आपल्याकडेही ती अपरिचित नाही.) अर्जांचे गठ्ठे हातावेगळे करताना ज्या समितीस कारकून मिळत नाही, तिला चाचणीच्या स्थळी अचानक जाऊन तपासणी करण्याचा प्रवासखर्च कोठून मिळणार? कागदोपत्री तिला चाचणी थांबविण्याचा अधिकार असतो. पण काय चालले आहे याची खबरच नसेल, तर तो अधिकार वापरण्याची वेळ येत नाही.

अशी देखरेख वाढविली तर साथीच्या काळात संशोधन खोळंबेल, ही शंका वारंवार घेतली जाते आणि ती सर्वस्वी निराधार नाही, कारण एकाच चाचणीस चार दफ्तरांतून चार वेगवेगळे नमुने भरून द्यावे लागणे हा विलंब खराच आहे. पण 2018 च्या अखेरीस काँगोच्या पूर्व भागात, भोवती बंदुका चालू असताना, डॉ. जाँ-जाक मुयेंबे यांच्या राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन संस्थेने इबोलावरील चार औषधांची तुलना आरंभिली. 681 रोगी तीत सामील झाले, आणि एका स्वतंत्र मंडळाने मधूनमधून आकडे तपासून दोन औषधे स्पष्टपणे सरस असल्याचे कळविताच 2019 च्या ऑगस्टमध्ये उरलेली दोन बंद करून रोग्यांना सरस औषधेच देण्यात येऊ लागली. चाचणीवर डोळ्यांत तेल घालून पाहणारे कोणी होते, म्हणूनच ती लवकर आटोपली.

मराठी वाचकास या दूरच्या मामल्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण ज्या मेंदूज्वराने कानो ग्रासले, त्याच्या ‘अ’ गटाच्या जंतूवरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. मात्रेस अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची ती लस माली, गांबिया आदी देशांतील चाचण्यांनंतर 2010 च्या डिसेंबरपासून बुर्किना फासो आणि शेजारच्या देशांत दिली जाऊ लागली, आणि त्या पट्ट्यातून त्या जंतूची साथ जवळजवळ नाहीशी झाली. ऑक्सफर्डने शोधलेली आणि पुण्यात बनणारी मलेरियाची लसही बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया येथील बालकांवर पारखूनच पुढे आली. अर्थात आफ्रिकेतील चाचणी हा केवळ पाश्चात्य कंपन्यांचा विषय राहिलेला नाही. तेथील माता ज्या कागदावर अंगठा उठवितात, त्याच्या माथ्यावर कधीकधी पुण्याचा पत्ताही असतो.

म्हणून मागणी केवळ किगाली किंवा नायजेरियातील अबुजा येथील सरकारांकडे करून चालणार नाही. प्रायोजकाने प्रत्येक चाचणीच्या खर्चातील ठराविक हिस्सा, ज्या विद्यापीठात काम चालले आहे त्याच्या खजिन्यात न भरता राष्ट्रीय नीतिपरिषदेच्या स्वतंत्र निधीत भरावा. त्यातून समितीच्या तपासनीसांनी पूर्वसूचनेवाचून स्थळभेटी द्याव्यात. आणि त्या भेटींची टिपणे, रोग्यांची नावे वगळून, जाहीर व्हावीत. हा पायंडा पाडण्यास पुण्याच्या लस-उत्पादकांनी कोणा अमेरिकी कंपनीची वाट पाहू नये, आणि आफ्रिकेत जाणाऱ्या पुढच्या चाचणीच्या अंदाजपत्रकातच या तपासणीची रक्कम धरावी.