नेणिवेची सबब

विद्वत्तेच्याही साथी येतात. एखादा शब्द परदेशातून येतो, दोनचार व्याख्यानांतून फिरतो, आणि पाहता पाहता ज्याच्या त्याच्या तोंडी बसतो. 'आदिबंध' या शब्दाची आपल्याकडे अशीच साथ आलेली आहे. कवितेत विहीर दिसली की ती नेणीव. कादंबरीत म्हातारी आली की ती आदिमाता. नायक गाव सोडून निघाला की तो आदिम वीर. शब्द उच्चारला की विवेचन आटोपले! शब्दांच्या या सवंगाईबद्दल आम्ही एरवी तक्रार केली नसती. पण ही साथ आता ग्रंथांतून निघून देवळांत आणि घरांत शिरली आहे. तेव्हा गप्प बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

काही दिवसांमागे निलंग्यास नीलकंठेश्वराच्या दर्शनाला गेलो असता एक सुविद्य पाहुणे आमच्याबरोबर होते. हे देऊळ तीन गाभाऱ्यांचे, हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे. एकात महादेव, एकात विष्णू आणि एकात हरगौरी. हरगौरीच्या मूर्तीसमोर पाहुणे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ही शिवपार्वती नव्हेतच. पुरुषाच्या नेणिवेतील स्त्री आणि स्त्रीच्या नेणिवेतील पुरुष यांचे हे मीलन आहे. घडविणाऱ्याला आपण काय घडवीत आहो याची कल्पनाही नसेल." आमच्या मागे एक वृद्ध बाई हातात बेलाची पाने घेऊन आम्ही बाजूला होण्याची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांना त्या मूर्तीत काय दिसते हे विचारावे, असे पाहुण्यांना वाटले नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांलाही ते सुचले नाही. घडविणारा अजाण, पूजणारी अजाण, आणि जाणता काय तो बघणारा! या न्यायाचा विचार करावा, यासाठी हा लेख.

प्रथम प्रतिपक्षाला न्याय देऊ. कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) हा कोणी भोंदू नव्हे. झूरिकच्या वेड्यांच्या रुग्णालयात शब्दसाहचर्याचे जे प्रयोग त्याने केले, ते शास्त्राच्या कसोटीचे होते. ओळीने शब्द उच्चारावे, रुग्णाने सुचेल तो शब्द सांगावा, आणि उत्तराला कोठे उशीर लागतो ते घड्याळ लावून मोजावे. जेथे जीभ अडखळते तेथे मनातला गंड दडलेला असतो, हे त्याने दाखवून दिले. १९१३ च्या सुमारास तो फ्रॉइडपासून वेगळा झाला. स्वप्न म्हणजे केवळ दडपलेल्या वासनांचा कचरा नव्हे, ही त्याची भूमिकाही आम्हांस आदरणीय वाटते. आमचा विरोध पुढच्या पायरीला आहे. व्यक्तीच्या नेणिवेखाली अखिल मानवजातीची एक सामूहिक नेणीव आहे, तीत आदिबंध वास करतात, ते शिकविल्यावाचून व ऐकल्यावाचून जन्मतःच प्रत्येकास लाभतात, आणि जगातील सर्व पुराणे त्यांतूनच उगवतात, असा हा सिद्धांत आहे.

याला पुरावा काय? युंगने पुनःपुन्हा पुढे केलेला दाखला असा. त्याच्या रुग्णालयातील एक वेडा म्हणे की, सूर्याला एक अवयव लोंबतो आणि त्याच्या हालण्याने वारा वाहतो. पुढे मिथ्र देवाच्या प्राचीन उपासनेची एक पोथी प्रसिद्ध झाली. तीतही सूर्यबिंबापासून लोंबणारी नळी आणि तिच्यापासून निघणारा वारा आढळला. १९१० साली छापलेली पोथी रुग्णाने आधी कोठून वाचणार? सबब ही प्रतिमा नेणिवेतूनच आली! पण १९१० ची ती दुसरी आवृत्ती होती. पहिली १९०३ सालीच निघाली होती. यावर युंगपंथीयांचे म्हणणे असे की, रुग्ण १९०३ पूर्वीच रुग्णालयात दाखल झाला होता. असेल. पण दाखल होण्याची तारीख म्हणजे भास होण्याची तारीख नव्हे. आणि शहाण्यासुरत्या माणसालाही आपण एखादी गोष्ट कोठे ऐकली हे आठवत नाही, तेथे वेड्याच्या स्मरणाची झडती कोण घेणार? अखिल मानवजातीच्या वारशाचा दावा एका रुग्णाच्या बोलण्यावर उभा राहत नाही. साध्या जमिनीच्या वारसाला तलाठ्याकडे याहून अधिक कागद दाखवावे लागतात.

आक्षेप वाढत गेले तसा युंगनेच एक खुलासा केला. आदिबंध म्हणजे ठरीव चित्र नव्हे, ते केवळ रिकामे रूप होय. द्रवातून स्फटिक जमतो तेव्हा त्याच्या अक्षांची रचना जशी अगोदरच ठरलेली असते, तसे ते होय. त्यात भरणारे चित्र मात्र अनुभवातून येते. या खुलाशाने सिद्धांत वाचला, असे अनुयायांस वाटते. आमच्या मते त्याने सिद्धांताच्या हातात काहीच उरू दिले नाही. कारण साचा रिकामा असेल, तर निलंग्याच्या मूर्तीत डोळ्यांना दिसणारे जे जे काही आहे, तो दगड, ती बसण्याची ढब, ते अलंकार, ते नाव, ती पूजा, ते सारे इतिहासाचे ठरते. आणि आदिबंधाच्या वाट्याला जे उरते ते कोणालाच दिसत नाही. न दिसणाऱ्याने दिसणाऱ्याचा उलगडा करावयाचा, हा कोठला न्याय?

उलट इतिहासाला विचारून पाहा; तो किती बोलतो! दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पुण्याभोवतालच्या मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून तपासली आणि त्यांतली कित्येक जुन्या वाटांच्या तिठ्याचौकांवर आहेत हे दाखवून दिले. देवादेवींची लग्ने म्हणजे त्यांना पूजणाऱ्या मानवी समूहांच्या एकत्र येण्याच्या खुणा, अशी त्यांची मांडणी आहे. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात आदिमातेचाच शोध घेतला; पण तो डोळे मिटून नव्हे, तर मूर्ती, स्थळे, विधी आणि शब्द यांचा माग काढीत. कोणास त्यांची अनुमाने पटोत वा न पटोत, त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण त्यांनी पुरावा समोर ठेवला आहे. नेणिवेशी वाद कसा घालावा? तुम्ही मान्य केले तर सिद्धांत खरा. अमान्य केले तर तुमची नेणीव विरोध करते म्हणून तो अधिकच खरा!

विरुद्धांच्या मीलनाची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एक सांगतो. निलंग्याहून काही कोसांवर कल्याण आहे, आजचे बसवकल्याण. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वरांच्या शरणमंडळात हरळय्या या चर्मकाराच्या मुलाचा आणि मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीचा विवाह झाला, आणि त्यापायी त्या दोघा बापांस देहदंड झाला, असे परंपरा सांगते. ज्या मुलखात दगडातले मीलन निर्वेधपणे पूजिले जाते, त्याच मुलखात हाडामांसाच्या मीलनाला प्राणांचे मोल द्यावे लागले. विरुद्धांचा संयोग ही मानवी मनाची सनातन ओढ असेल, तर तिला सुळावर कोणी चढविले? या प्रश्नाचे उत्तर झूरिकला मिळत नाही. ते जातीच्या, सत्तेच्या आणि धर्माच्या इतिहासातच शोधावे लागते.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. मग जवळचे पाहू. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. ती प्रामुख्याने दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळल्याने गेली. पिढ्यान् पिढ्या ऊन निवारणारे घरच माणसांवर पडले; वाचलेली माणसे मग पत्र्याच्या आडोशाला निजू लागली, पण दगडी भिंतीखाली निजेनात. आता अशा एखाद्या वाचलेल्या बाईच्या स्वप्नात धरणी दुभंगली, तर आमचे पाहुणे काय सांगतील? गिळणाऱ्या आदिमातेचा आदिबंध जागा झाला, असे सांगतील. या मातेवर १९५५ साली युंगचा शिष्य एरिक नॉयमान याने मोठा ग्रंथ लिहिला आहे, तोही काढून दाखवतील. पण त्या बाईच्या भयाला तारीख आहे, वेळ आहे, भिंतीची रुंदी आहे. तिला सांत्वन हवे, धड घर हवे आणि भीती ऐकून घेणारा वैद्य हवा. तिचे दुःख अनादि ठरविले की त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

आमच्या रागाचे खरे कारण हेच आहे. नवरात्रात एखाद्या सुनेच्या अंगात येते. एरवी जिला उंबऱ्याबाहेर बोलण्याची चोरी, ती त्या घटकेला सासूला अरेतुरे करते, दिराला दटावते, आणि सारे घर तिच्या पाया पडते. एक पक्ष म्हणतो, हे ढोंग. दुसरा, नवशिक्षित पक्ष म्हणतो, हा देवीचा आदिबंध, यात केवढी भव्यता! पहिला तिला खोटी ठरवतो, दुसरा तिला प्रतीक ठरवतो. पण वर्षाचे उरलेले दिवस या बाईला बोलू का दिले जात नाही, हे दोघांपैकी एकही विचारीत नाही. ढोंग म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येते. भव्यता म्हणणारा मात्र अन्यायाला शेंदूर फासून मोकळा होतो. आणि हे केवळ खेड्यांत घडते असे मानून आमच्या वाचकांनी निश्चिंत होऊ नये. 'आई म्हणजे त्यागाची मूर्ती' असे म्हणून जिला सर्वांच्या मागून जेवावयास बसवितात, तिच्यावर लादलेला आदिबंध आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

युंग स्वतः हिंदुस्थानात आला होता. सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १९३७ च्या अखेरीस तो आला, आणि १९३८ मध्ये परतला. पुढच्याच वर्षी त्याने जे लेख लिहिले, त्यांपैकी एकाच्या शीर्षकातच या देशाला स्वप्नवत् जग म्हटले आहे. हिंदी माणूस युरोपीयांसारखा विचार करीत नाही, त्याला विचार जणू दिसतात, असा त्याचा अभिप्राय होता. त्यात त्याने आपला गौरवच मानला असेल. पण निलंग्याचा भाग त्या वेळी निजामी राज्यात होता, आणि दहा वर्षांच्या आत येथील माणसे सभा घेत होती, तुरुंगात जात होती, सीमेवर लढत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. स्वप्नात चालणारी माणसे असे करीत नाहीत. परक्याने आपल्याला स्वप्न म्हटले ते समजण्यासारखे आहे; आपणच आपल्या लोकांना तसे म्हणावे, याला क्षमा नाही.

राहिला एक सरळ प्रश्न. दूरदूरच्या देशांत सारख्या प्रतिमा आढळतात, त्या का? आमचे उत्तर साधे आहे. माणसाचे शरीर सर्वत्र एक आहे. सर्वत्र तो आईच्या कुशीत वाढतो, अंधाराला भितो, पावसाची वाट पाहतो, मेलेल्यांना पुरतो वा जाळतो. आणि सर्वत्र व्यापारी, भिक्षू व सैन्ये गोष्टी इकडून तिकडे नेत आलेली आहेत. येथून थोड्याच अंतरावरचे तेर हे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करणारी पेठ होती. सारखे जिणे आणि चालत्या वाटा एवढ्यांनी ज्याचा उलगडा होतो, त्यासाठी अदृश्य वारसा मानण्याचे प्रयोजन नाही. तेवढ्यानेही काही साम्य उरलेच, तर ते उरले असे प्रांजळपणे म्हणावे. अज्ञानाला भारदस्त नाव दिल्याने त्याचे ज्ञान होत नाही.

नेणीव नाही, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाच्या मनाला तळघर आहे, आणि तेथे दिवा घेऊन उतरणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहो. आमची मागणी इतकीच की, कोणाच्याही देवाचा, स्वप्नाचा वा दुःखाचा अर्थ लावण्यापूर्वी त्या माणसाला तो आधी विचारावा, आणि मग गावाचा इतिहास विचारावा. एवढे करूनही ज्यांना झूरिकला जावेसे वाटेल, त्यांनी खुशाल जावे. आम्ही मात्र पुढच्या खेपेस निलंग्याला गेलो, तर हरगौरीसमोरून आधी बाजूला होऊ, आणि बेल घेऊन आलेल्या त्या बाई भेटल्या, तर राहिलेला प्रश्न त्यांना विचारू.