रोजा नसलेल्यालाही दस्तरखानावर जागा हवी

लोणावळा, कामशेत, तळेगाव कुठेही जा, इफ्तारच्या वेळी एक प्रश्न हमखास कानी पडतो, ‘रोजा आहे ना?’ वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो फार टोचतो. जखम दिसत नाही. उलट माणूस सडसडीत, ताजातवाना दिसतो.

आतली गोष्ट वेगळी असते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्तच, काढून टाकतात. त्यानंतर पाणी घोटघोट प्यावे लागते, जेवण आणि पाणी यांत साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे लागते. प्रथिने, लोह, बी-12 यांचा हिशेब निराळाच. हे सारे इफ्तार ते सहरीत बसवणे सुरुवातीच्या महिन्यांत फार कठीण. बायपास झालेल्याने गोड शरबत घटाघटा प्यायले किंवा आपली चिक्की भरपूर खाल्ली, तर घाम, धडधड, चक्कर येऊ शकते.

सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे. बरे झाल्यावर कजा रोजे ठेवावेत; ज्यांना ते कधीच झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी फिदिया आहे. अल्लाहने दिलेली सवलत शेजाऱ्याने का हिरावून घ्यावी? रोजा केव्हा सुरू करायचा, हे त्या माणसाने आपल्या सर्जनला विचारून ठरवावे.

आपण एवढेच करावे. रोज्याची चौकशी करू नये, ‘अजून एक समोसा’ म्हणून आग्रह करू नये आणि त्याला आपल्या शेजारी बसवून घ्यावे.