फासळ्यांचे छत मागासलेले नव्हते

1550 मध्ये कलावंतांचा इटालियन चरित्रकार वासारी याने टोकदार कमानींच्या गॉथिक बांधणीला ‘जर्मन पद्धत’ म्हणून हिणवले, आणि एक समज कलेतिहासात घर करून बसला. नवयुग आले, रोमन कमान परतली आणि दगडी फासळ्यांवर तोललेल्या छताचे दिवस संपले. स्पेन, सिसिली, नेपल्समध्ये ते पुढेही बांधले गेले, ते तिथल्या पाथरवटांपर्यंत नवे वारे पोचले नव्हते म्हणून. हा पूर्वपक्ष इतका सरावाचा झाला आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. तो मुळातच खोटा आहे.

नेपल्सचा कास्तेल नुओवो किल्ला पाहा. 1442 मध्ये आरागॉनच्या आल्फोन्सोने हे शहर जिंकले आणि किल्ल्याच्या दरबारी दालनासाठी मायोर्काहून गियेम साग्रेराला बोलावले. 1416 मध्ये जिरोनाच्या कॅथेड्रलचा मध्यभाग एकाच छताखाली, सुमारे 23 मीटर रुंद करावा की नाही, यावर ज्या जाणत्या कारागिरांचा कौल घेतला गेला, त्यांत साग्रेरा होता. 1450च्या दशकात नेपल्समध्ये त्याने सुमारे 26 मीटर बाजूचा चौक कोपऱ्यांतून अष्टकोनात वळवला आणि त्यावर फासळ्यांची चांदणी पसरली. जिथे मधला चावीचा दगड यायचा, तिथे त्याने आभाळाकडे उघडे कडे ठेवले. चहूबाजूंच्या फासळ्या त्या कड्यावर रेटतात आणि त्या रेट्यानेच कडे घट्ट आवळले जाते. गॉथिक फासळ्या आणि रोमच्या पँथिऑनची आठवण देणारे छिद्र एकाच छतात! त्याच दशकात, त्याच राजाने, त्याच किल्ल्याच्या दाराशी रोमन धाटणीची संगमरवरी विजयकमान उभारायला घेतली. मग वारे पोचले नव्हते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? राजाला दोन्ही हवे होते, आणि दोन्ही उत्तम हवे होते.

व्हॅलेन्सियात तर क्रमच उलटा दिसतो. सांतो दोमिंगो मठातल्या राजांच्या प्रार्थनागृहावर फ्रान्सेस्क बाल्दोमारने 1463 पर्यंत फासळी नसलेले छत उभे केले. नुसत्या धारा, आणि त्या धारांवरचा दगड न् दगड दोन्ही अंगांनी नेमका घडवलेला. ‘आधी फासळी, मग तिच्यापासून मुक्ती’ हीच प्रगती असती, तर गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण बाल्दोमारच्या हाताखाली तयार झालेल्या पेरे कोंप्तेने 1483 पासून रेशीमबाजाराची इमारत, लोन्खा, उभारली, आणि तिच्या पीळदार खांबांतून फासळ्या पुन्हा वर उमलल्या. दोन्ही रीती त्याला अवगत होत्या. त्याने निवड केली, आणि ती निवड समजून घेण्याऐवजी आपण तिला मागासलेपण म्हणतो, याचा मला राग येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पहिल्या महायुद्धाच्या गोळाफेकीत काही छतांच्या फासळ्या गळून पडल्या, तरी फासळ्यांमधली दगडी भरण टिकली. त्याचा आधार घेऊन फ्रेंच वास्तुकार पोल आब्राहामने 1934 मध्ये फासळीच्या भार पेलण्याच्या कीर्तीवरच घाव घातला. चुना मुरल्यावर भरण स्वतःच्या बळावर उभी राहू शकते, हे मान्य. पण चुना मुरण्याआधीचे काय? लाकडी सेंटरिंगवर आधी फासळ्या बसतात, आणि मग भरणीचे थर त्यांच्या आधाराने चढतात. छताची अख्खी भूमिती फासळीच्या साच्यात ठरते: कमान कुठल्या त्रिज्येची, चावीचा दगड किती उंच, पाचसहा फासळ्या एका बिंदूत कशा मिळवायच्या. जमिनीवर पूर्ण मापात रेघा आखून हे सोडवणाऱ्या माणसांनीच दगडकापणीचे शास्त्र घडवले, आणि सोळाव्या शतकात ते ग्रंथांत उतरले.

यातली सर्वांत महत्त्वाची साक्ष विरुद्ध बाजूची आहे. फिलिबेर द लॉर्म हा फ्रान्समधला नव्या रोमन रीतीचा कट्टर पुरस्कर्ता. 1567च्या आपल्या ग्रंथात खऱ्या वास्तुकलेचे जाणकार आता फासळ्यांचे छत बांधत नाहीत, असे तो सांगतो. त्याच ठिकाणी, या छतांना आपण तुच्छ लेखणार नाही, त्यांत फार चांगली आणि अवघड रेखाटने साधलेली आहेत, हेही कबूल करतो.