न झालेल्या लढती

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर संगणकानं घडवलेली लढत: मुष्टियोद्धे मोहम्मद अली आणि माइक टायसन, दोघंही ऐन भरात. दुसऱ्याच फेरीत अली आडवा. ‘मामा, संपला तुमचा अली!’ अलीचा मी जुना चाहता. पुढचा तासभर आमच्या घरी काय झालं असेल, ते सांगायला नको.

हा खेळ नवा नाही. १९६७ साली मरी वरोनर या अमेरिकी निर्मात्यानं सोळा हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकाला पुरवून रेडिओवर त्यांची स्पर्धा लावली. अली जिम जेफ्रीजकडून हरला, रॉकी मार्सियानो अजिंक्य ठरला. अलीनं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीतून १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांच्या लुटुपुटूच्या लढतीचं चित्रीकरण झालं. शेवट अनेक चित्रित केले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत जो दाखवला, त्यात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. ते पाहायला तो हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात तो गेला होता.

‘पण अलीनं असल्या नाटकात काम केलंच कशाला?’ भाच्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला अलीनं नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं जगज्जेतेपद गेलं आणि लढण्याचा परवानाही गेला. मार्च १९६७ नंतर थेट ऑक्टोबर १९७० मध्येच तो पुन्हा रिंगणात उतरला. वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा काळ! पाय नाचते असताना त्याला घरी बसवलं. परतला तो वेगळा अली होता. पुढे फ्रेझियर आणि फोरमन या प्रतिस्पर्ध्यांसमोर तो अंगावर ठोसे झेलत उभा राहिला, ते पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते म्हणून. अशा बंदीच्या काळात जगातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा, तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, डोक्यावर केसांचा टोप चढवलेल्या माणसाबरोबर कॅमेऱ्यासमोर हलक्या हातानं ठोसे मारत होता.

बोलता बोलता गाडी जेफ्रीजवर आली आणि टायसन बाजूलाच राहिला. संगणकानं अलीला ज्याच्याकडून हरवलं, तो जेफ्रीज जगज्जेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीरांना किताबाची लढत देत नसे. पुढे १९०८ मध्ये जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, आणि १९१५ मध्ये तो हरल्यावर हे दार पुन्हा बंद झालं. ते थेट १९३७ मध्ये जो लुईसाठी उघडलं. मधल्या बावीस वर्षांत हॅरी विल्ससारखा तगडा मुष्टियोद्धा बाहेर ताटकळत राहिला. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. विल्स त्याच काळात, त्याच देशात, त्याच वजनगटात होता. करार झाले, लोक वाट पाहत राहिले, पण लढत झाली नाही. सॅम लँगफर्ड या दुसऱ्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यालाही हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढायची संधी कधीच मिळाली नाही. मग विल्स आणि लँगफर्ड डझनाहून अधिक वेळा एकमेकांशीच लढत राहिले.

अली आणि टायसन समोरासमोर आले नाहीत, कारण काळ आड आला. त्यात दोष कुणाचा नाही. डेम्प्सी आणि विल्स यांच्या आड मात्र माणसं आली. १९६८ मधला अली कसा लढला असता, हे आपल्याला कळू दिलं नाही तेही माणसांनीच.

तेव्हा असा व्हिडिओ कुणी तुमच्यापुढे धरला, तर त्याला हॅरी विल्सचं नाव जरूर सांगा.