सरकार भाडेकरू होते तेव्हा



पुण्याच्या भोवतालच्या गावांत सध्या एक सल्ला फुकट मिळतो. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत गेली. कित्येकांचे शेत संपले, रस्त्याकडेचे चार गुंठे उरले. त्यावर दोन मजले चढले. मग दलाल येतो आणि सांगतो, "गाळे दुकानदाराला देऊ नका, सरकारी कचेरीला द्या. सरकारसारखा खात्रीचा भाडेकरू नाही."

सरकारला माल विकून ज्याचे हात पोळले त्याला ही खात्री कसली सांगता?

भाडे कोण ठरवतो ते आधी पाहू. राज्य सरकारच्या कचेरीसाठी खाजगी जागा घ्यायची तर भाडे रास्त असल्याचा दाखला सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता देतो. म्हणजे घेणारे सरकार आणि भाव रास्त म्हणणारेही सरकारच. हमीभावाची रीत आपण ओळखतो. तीच इथे.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याच्या तिसऱ्या कलमाने बँका, सार्वजनिक उपक्रम, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे भाडेकरू म्हणून असलेले संरक्षण काढून घेतले. कारण सरळ आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने बाजारभावाने भाडे द्यावे. ठीक. पण त्याच कलमात सरकारने स्वतःसाठी काय केले? सरकारच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. सरकारला भाड्याने दिलेल्या जागेला मात्र लागू आहे!

सरकार मालक असेल तर भाडेकरूला संरक्षण नाही. सरकार भाडेकरू असेल तर संरक्षण आहे. नाणे कसेही पडो, जिंकणारा एकच.

याचा अर्थ आपल्या गाळ्यापुरता असा: भाडेपट्ट्यात तीन वर्षे लिहा की पाच, नुसती मुदत संपली म्हणून जागा सुटत नाही. कायद्याने मिळणारी वाढ वर्षाला 4 टक्के. भाडे थकले तर आधी नोटीस, मग 90 दिवसांची वाट, मग कोर्ट. डिझेल, खत, मजुरी 4 टक्क्यांच्या हिशेबाने वाढते काय?

कोणी म्हणेल, सरकार म्हणजे जनता. भाडे कमी तर जनतेचा पैसा वाचतो. जनतेची कचेरी जनतेच्या कराने चालवावी. एका मालकाच्या खिशातून ती चालवणे म्हणजे एकट्यावर बसवलेला कर आहे. स्वस्त धान्य शहराला द्यायचे आणि किंमत कास्तकाराकडून वसूल करायची, हा हिशेब आपण जन्मभर भरत आलो. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला उठली. ग्राहकाची सोय झाली. पाच महिने तिची किंमत कोणी मोजली?

भाव गोठवला की काय होते हे पाहायला पुण्याच्या पेठांत फिरून या. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. भाड्यात वाड्याची कौलेही शाकारता येईनात. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि वाडे ढासळत गेले. अशी गोठवलेली भाडी अवाजवी आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितले. शेतीचेही तेच झाले आहे. फरक एवढाच, की भिंत पडली की दिसते आणि जमिनीचा कस गेला तर दिसत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही तीन मागण्या ठरावाला ठेवत आहोत. एक, बँका आणि कंपन्यांप्रमाणे सरकारी खात्यांचेही भाडेकरू म्हणून असलेले संरक्षण काढावे. दोन, भाडे उघड निविदेने ठरावे, घेणाऱ्याच्या अभियंत्याने नव्हे. तीन, थकलेल्या भाड्यावर नोटिशीची वाट न पाहता व्याज मिळावे.

तोवर एक काम प्रत्येकाने करावे. सरकारी असो की खाजगी, करार लेखी करा आणि नोंदवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. तोंडी शब्दावर आणि साहेबांच्या चहावर गाळा देऊ नका.

आम्हाला सरकारकडून सवलत नको. आमच्यासमोर व्यवहाराला बसताना सरकारने कायद्याची लेखणी बाजूला ठेवून बसावे, एवढेच मागणे आहे.